लिंगभाव, तंत्रशिक्षण आणि आरोग्यसेवा : काशी ते गडचिरोली

या पाठात आपण एक प्रश्न तपासणार आहोत : आरोग्यसेवेचे तंत्र कोणाला शिकवले जाते आणि त्याचा परिणाम कोणाच्या आरोग्यावर होतो?

१. संज्ञा

स्त्री आणि पुरुष हा शारीरिक भेद आहे. त्या भेदाच्या आधारे समाज कामे, हक्क आणि अपेक्षा यांची जी वाटणी करतो, तिला लिंगभाव म्हणतात. तंत्रज्ञान या शब्दाचा अर्थही केवळ यंत्र असा घेऊ नका. अवजार, ते हाताळण्याचे कौशल्य आणि ते हाताळण्याचा अधिकार, असे त्याचे तीन घटक आहेत. लिंगभावाचा प्रश्न बहुतेक वेळा तिसऱ्या घटकापाशी उभा राहतो.

२. काशीची परंपरा

सुश्रुतसंहितेची परंपरा काशीशी जोडलेली आहे. काशिराज दिवोदास धन्वंतरी हे सुश्रुताचे गुरू, असे ग्रंथातच येते. शिष्याने शस्त्र चालवण्याचा सराव आधी भोपळा, काकडी अशा फळांवर करावा, असे हा ग्रंथ सांगतो. आजच्या भाषेत हे प्रात्यक्षिक तंत्रशिक्षणच होय. याच ग्रंथात बाळंतपणाच्या वेळी नखे कापलेल्या, वयस्क आणि प्रसूतिकुशल अशा चार स्त्रिया जवळ असाव्यात, असेही म्हटले आहे. म्हणजे स्त्रियांचे कौशल्य मान्य होते; पण शस्त्राचा सराव करणारा शिष्य म्हणून त्यांचा विचार झालेला दिसत नाही.

आधुनिक काळात याच शहरात १९१६ साली काशी हिंदू विश्वविद्यालय आणि १९२९ साली त्याचे महिला महाविद्यालय सुरू झाले. येथील अभियांत्रिकी संस्थेला २०१२ साली आयआयटीचा दर्जा मिळाला. २०१८ पासून सर्व आयआयटींमध्ये मुलींसाठी अधिसंख्य जागा निर्माण केल्या गेल्या. प्रवेशाचे दार असे रुंद झाले. पण प्रवेश मिळाल्याने काय बदलते, हे पाहण्यासाठी आपण गडचिरोलीला जाऊ.

३. काय मोजायचे, हे कोण ठरवते?

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तिचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र फक्त ८ टक्के होत्या. त्या काळी ग्रामीण स्त्रियांसाठीची सरकारी सेवा प्रामुख्याने कुटुंबनियोजन आणि बाळंतपण यांभोवती फिरत होती. गरोदर नसलेल्या स्त्रीचे दुखणे त्या चौकटीत बसत नव्हते, म्हणून ते मोजलेही जात नव्हते. संशोधकाने कोणता प्रश्न विचारला, यावर काय दिसते हे अवलंबून असते.

४. तंत्र कोणाच्या हाती?

बाळाच्या न्यूमोनियाचे निदान श्वासाच्या गतीवरून करता येते. पण सुईणींना मोठे आकडे मोजता येत नव्हते. यावर 'सर्च'ने मणी आणि वाळूचे घड्याळ असलेले साधन केले : दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकला, तर श्वास जलद आहे. येथे सुईणीला अडाणी ठरवले गेले नाही, तिच्या गणनेला जुळेल असे अवजार घडवले गेले.

पुढे ३९ गावांत थोडेफार शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळाचे वजन घेणे, ताप मोजणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे आणि जंतुसंसर्गावर प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे शिकवले. तुलनेसाठी ४७ गावे होती. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटला.

५. अपुरा राहिलेला भाग

२०११ पासून घरोघरी नवजात बालसेवा हे काम देशभर आशा कार्यकर्तींकडे आले. बाळ दवाखान्यात जन्मले तर सहा आणि घरी जन्मले तर सात भेटी द्यायच्या, असा नियम आहे. तरीही आशा ही शासनाच्या लेखी स्वयंसेविका. तिला पगार नाही, कामागणिक मोबदला मिळतो. घरातली काळजी घेणे हे बाईचे स्वाभाविक काम, या समजुतीमुळे शिकून मिळवलेले कौशल्यही सेवाभावात जमा होते. अवजार आणि कौशल्य हाती आले, पण अधिकार आणि मोबदला मागे राहिला.

सारांश

किती मुली शिकल्या, एवढे मोजून पुरत नाही. प्रश्न कोण ठरवते, अवजार कोणासाठी घडते आणि कौशल्याला कामाचा दर्जा मिळतो का, हेही पाहावे लागते.

विचारासाठी प्रश्न

१. तुमच्या परिसरातील आशा कार्यकर्ती कोणती साधने वापरते? त्यांतील कोणते निर्णय ती स्वतः घेऊ शकते?
२. पुरुषांनी केल्यास ज्याला तांत्रिक काम म्हटले जाते, पण स्त्रियांनी केल्यास सेवा म्हटले जाते, असे एक उदाहरण द्या.