जर्मन हेरांचा ‘त्स्वो’ आणि आपलं ‘सत्तेचाळीस’: रेडिओवर आकड्यांचे उच्चार का बदलले?

मुळशी तालुक्यातल्या हिंजवडी आयटी पार्कमध्ये जर्मन क्लायंटसोबत काम करायचं, तर कॉलवर आकडे हमखास अडवतात. जर्मनमध्ये २१ म्हणजे ‘आइन-उंट-त्स्वान्त्सिश’, शब्दशः ‘एक आणि वीस’. आधी एकक, मग दशक. आपलं ‘एकवीस’ही असंच आहे.

कॉलवर नीट ऐकू आलं नाही, तर ‘पुन्हा सांगा’ म्हणता येतं. पण ऐकणारा शत्रूच्या देशात लपलेला हेर असेल तर? त्याला उलट विचारायची सोयच नसते. शीतयुद्धाच्या काळात जर्मन भाषेतल्या ‘नंबर स्टेशन्स’नी यावर साधा तोडगा काढला होता.

‘नंबर स्टेशन’ म्हणजे काय?

शॉर्टवेव्ह रेडिओवर ठरलेल्या वेळी एक आवाज फक्त आकडे वाचायचा. ना बातम्या, ना गाणी. पाच-पाच आकड्यांचे गट, बहुतेकदा प्रत्येक गट दोनदा. या लहरी वातावरणातल्या आयनांबर या थरावरून परावर्तित होऊन हजारो किलोमीटर दूर पोहोचतात. ऐकायला साधा रेडिओ पुरतो आणि कोण ऐकतंय, याचा माग काढणं जवळपास अशक्य असतं.

संदेश कसा लपवला जायचा?

हेराकडे आकड्यांची एक गुप्त वही असायची. समजा, मूळ संदेश २७४१५ आणि वहीतला गट ५८३०६ आहे. हातचा न घेता प्रत्येक आकड्याची बेरीज केली की मिळतात ७५७११. रेडिओवर हेच वाचले जातात. हेर तशीच वजाबाकी करून संदेश परत मिळवतो. वहीतले आकडे खरोखर यादृच्छिक असतील आणि पान एकदाच वापरून नष्ट केलं, तर हा संकेत फोडता येत नाही.

धोका असतो तो ऐकण्यात. एक आकडा चुकीचा ऐकला, तर संदेशाचा तेवढा भाग बिघडतो. पण एक आकडा लिहायचाच राहिला, तर पुढचं सगळं सरकतं आणि हाती निरर्थक अक्षरं उरतात.

‘त्स्वाय’चं ‘त्स्वो’ का झालं?

जर्मनमध्ये दोन म्हणजे ‘त्स्वाय’ आणि तीन म्हणजे ‘ड्राय’. खरखरीत दोन्हींचा शेवटचा ‘आय’च कानावर पडतो. म्हणून दोनसाठी ‘त्स्वो’ वापरलं जायचं. ही युक्ती हेरांची नव्हे. जर्मन सैन्यात आणि टेलिफोनवरही ती रूढ होती. पाचचं ‘फ्युन्फ’ तोडून ‘फ्युनेफ’ असं दोन ठोक्यांत म्हटलं जायचं.

पूर्व जर्मनीच्या ‘श्टाझी’ या गुप्तचर संस्थेने तर आकडे ‘बोलणारं’ यंत्रच बनवलं. त्यात प्रत्येक आकडा आधीच रेकॉर्ड केलेला असे. त्यामुळे उच्चार कधी बदलतच नसे. आणि ४७ ‘सात आणि चाळीस’ असे नव्हे, तर ‘चार, सात’ असेच वाचले जायचे.

हे तंत्र इतिहासजमा झालेलं नाही. २०११ मध्ये जर्मनीत रशियासाठी हेरगिरी करणारं एक जोडपं पकडलं गेलं, तेव्हा पत्नी शॉर्टवेव्हवर संदेश घेत होती.

मराठीचा काय संबंध?

२०१९ मध्ये ‘बालभारती’च्या दुसरीच्या गणितात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ ही पद्धत आली आणि राज्यभर वाद पेटला. गणित विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं होतं की, बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम उलटा असल्याने मुलं गोंधळतात. गंमत म्हणजे जर्मनीतही ‘त्स्वान्त्सिश-आइन्स’, म्हणजे ‘वीस एक’च, रूढ व्हावं यासाठी २००४ मध्ये बोखुम इथे एक संस्था स्थापन झाली.

वर्गात कोणती पद्धत योग्य, यावर वाद होऊ शकतो. फोनवर मात्र हेरांचा नियमच सोयीचा. ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ कमी रेंजमध्ये सारखेच वाटतात. खाते क्रमांक किंवा वीजबिलाचा ग्राहक क्रमांक सांगताना ‘सत्तेचाळीस’ऐवजी ‘चार, सात’ म्हणा, दोनदा म्हणा आणि समोरच्याकडून परत वदवून घ्या. ही शेवटची सोय हेरांना नव्हती, तुम्हाला आहे.