टेस्टोस्टेरॉन : सुईतून आणि त्वचेतून

साधे टेस्टोस्टेरॉन गोळीने पोटात घेतले, तर आतड्यातून ते यकृतात जाते आणि तिथेच बहुतांशी नष्ट होते. म्हणून ते बहुधा इंजेक्शनने किंवा जेलने देतात.

इंजेक्शनसाठी संप्रेरकाला मेदाम्लाची शेपटी जोडून ते तेलात विरघळवतात. अशा रूपांपैकी एनॅन्थेट बहुधा तिळाच्या तेलात, तर लांब शेपटीचे अनडेकॅनोएट एरंडेलात. स्नायूत तेलाचा साठा होतो, औषध त्यातून हळूहळू झिरपते आणि विकरे शेपटी तोडून संप्रेरक मोकळे करतात. शेपटी लांब, तर वेग कमी. एनॅन्थेट साधारण २ ते ४ आठवड्यांनी, तर अनडेकॅनोएट १० ते १४ आठवड्यांनी टोचतात. एनॅन्थेटची रक्तातली पातळी आधी चढते, मग उतरत जाते. काहींना हा चढउतार थकव्यातून, मनःस्थितीतून जाणवतो.

जेलमधले अल्कोहोल उडून जाते आणि संप्रेरक त्वचेच्या वरच्या थरात मुरते. तिथून दिवसभर ते रक्तात उतरते. जेमतेम १० टक्के रक्तात पोहोचते, पण रोज लावल्यास पातळी बरीच स्थिर राहते.

उरलेले त्वचेवरच असते, हे विसरू नका. स्पर्शातून ते लहान मुलांच्या अंगात गेल्यास अकाली वयात येण्याची लक्षणे दिसू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये यासाठी ठळक इशारा सक्तीचा केला. जेल लावल्यावर हात साबणाने धुवा, वाळल्यावर ती जागा कपड्याने झाका.