सहावा सूर गायब!

मामांचा रोलँड जुनो-१०६ घरी आणला, एकेक पट्टी दाबली, तर दर सहावा सूर गायब! पैठण गेटच्या रिपेअरवाल्यानं पट्ट्या पुसून दिल्या. पण त्या बिचाऱ्यांचा काय दोष? १९८४ मध्ये बाजारात आलेल्या या सिंथेसायझरमध्ये एका वेळी सहाच सूर वाजतात, आणि प्रत्येकाची ८००१७ए चिप वेगळी. चिपवरचा काळा इपॉक्सीचा थर जुना झाला की करंट गळू देतो. मग सूर चरचरतो, नाहीतर बसतोच. 'की ट्रान्सपोज' दाबून मशीन ऑन केलं, टेस्ट मोडमध्ये कळलं, चौथी गेलीय.

ही रोलँडची स्वतःची चिप. लॅमिंग्टन रोड पालथा घातलात तरी नवी मिळायची नाही. मग उपाय दोन: अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून इपॉक्सी काढा, नाहीतर परदेशातून क्लोन मागवा. मी अर्थातच कंजूषपणा केला. दोन दिवस भिजवली आणि सोलताना पाय मोडला!

शेवटी क्लोन बसवला. तो मात्र बाकी पाचांपेक्षा जास्तच झगझगीत वाजायला लागला. बोर्डवरचे ट्रिमर फिरवत संध्याकाळ गेली.

"सगळ्याच बदलू का, मामा?"

"चालतायत तोवर हात लावू नकोस. नव्याला जरा खाली आण."

आणला. पाच जुन्या चिपांपैकी पुढची कुठली जाईल, यावर आमची पैज लागलीय.