गाडी किती देते, नाना?

डिंडोलीत माझं गॅरेज आहे. निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक आपलंच, धुळे-जळगाव-नंदुरबारकडचं. कोणी पांडेसऱ्याला, सचिनला कामावर, कोणी रिंग रोडच्या कापड मार्केटात. मोटरसायकलवर चौघं मावेनासे झाले की माणूस येतो आणि विचारतो, "नाना, कोणती गाडी जास्त देते?" मी म्हणतो, "आधी तुझं रनिंग सांग."

कारण सुरतेत सगळ्यांचं ठरलेलं असतं: सीएनजीच घ्यायची. पंप जागोजागी, शेजाऱ्याकडेही तीच. पण कंपनीची सीएनजी गाडी त्याच पेट्रोल गाडीपेक्षा साधारण नव्वद हजारांनी महाग पडते. पेट्रोल लिटरला ९५ आणि सीएनजी किलोला ८० रुपये धरा. शहरात पेट्रोलवर १८ आणि गॅसवर २६ चं ॲव्हरेज पडलं, तर किलोमीटरमागे सव्वापाच रुपयांऐवजी तीन रुपये जातात. सव्वादोन रुपये वाचले. म्हणजे चाळीस हजार किलोमीटर गाडी पळेल तेव्हा ते नव्वद हजार फिटतील. रोज सचिनला जाऊन-येऊन, मधे मार्केटची फेरी करून चाळीस किलोमीटर करणाऱ्याचे, सुट्ट्या वगळून, तीन-सव्वातीन वर्षांत फिटतात. रविवारी डुमसला आणि दिवाळी-आखाजीला गावी, एवढंच ज्याचं रनिंग, त्याने गॅसच्या लायनीत कशाला उभं राहायचं? त्याने साधं पेट्रोल घ्यावं आणि डिकी मोकळी ठेवावी.

कंपनीच्या ॲव्हरेजच्या आकड्यावरून माझ्याशी भांडायला येणारे पुष्कळ. मारुतीच्या वॅगन आर सीएनजीचा आकडा किलोला ३४ च्या आसपास आहे. तो खोटा नाही. गाडी रोलरवर चढवून, एसी बंद ठेवून, ठरलेल्या वेगात चालवून तो काढतात. मे महिन्यात उधना दरवाज्याला एसी लावून रांगत जाणाऱ्या गाडीने तेवढंच द्यावं म्हणणं म्हणजे हट्टच.

आता गावचा रस्ता. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर इथपर्यंत कुठलीही गाडी पळते. विसरवाडी सोडली की कोंडाईबारीचा घाट लागतो. पाच माणसं, वर गव्हाचं पोतं, एसी चालू, आणि पुढे ट्रक. वॅगन आरचं एक लिटरचं इंजिन पेट्रोलवर ६७ पीएस ताकद देतं, गॅसवर ५७. हा दहाचा फरक घाटात पायाला कळतो. तिथे बटण दाबून पेट्रोलवर घ्या, दोन पैसे जाऊ द्या.

पण त्यासाठी टाकीत पेट्रोल हवं ना! सीएनजीवाले काटा कायम रिझर्व्हला ठेवतात. मारुतीच्या गाड्या सुरूच पेट्रोलवर होतात आणि मग आपोआप गॅसवर जातात. पेट्रोलचा पंप टाकीच्या आत बसवलेला असतो, त्याला थंड ठेवतं ते पेट्रोलच. टाकी कोरडी राहिली की तो तापतो आणि एक दिवस बसतो. पाच-सात लिटर कायम असू द्या. प्लग आणि एअर फिल्टरही पेट्रोल गाडीपेक्षा लवकर बघावे लागतात.

टिकाऊ कोणती, असं विचाराल तर माझं मत सरळ आहे: ज्या इंजिनाचे पार्ट उधन्यापासून साक्रीपर्यंत मिळतात ते. म्हणून मी मारुतीची नावं जास्त घेतो. पण तेवढ्यावर थांबू नका. ग्लोबल एनकॅपच्या २०२३ च्या चाचणीत वॅगन आरला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी एकच तारा मिळाला. २०२४ च्या नव्या डिझायरला पाच मिळाले, आणि तिचा सीएनजीचा आकडाही ३३ च्या वर आहे. ज्यांना वर्षातून अनेकदा लेकरं घेऊन हायवेला जायचं, त्यांना मी सांगतो, दोन वर्षं थांबा पण डिझायर घ्या. डिकीचं रडगाणं असेल तर टाटाची टियागो बघा. तिच्यात गॅसच्या एका मोठ्या बाटल्याऐवजी दोन छोटे खाली बसवलेत, बॅग वर राहते. ॲव्हरेज मात्र कमी.

जुनी गाडी घेणार असाल तर सुरतेत एक गोष्ट आधी बघायची. लिंबायतकडे पावसाळ्यात खाडीचं पाणी भरतं आणि त्यात उभी राहिलेली गाडी धुऊन-पुसून उन्हाळ्यात विकायला येते. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. वरचा भाग सगळे धुतात, आत गुंडाळलेला पट्टा कोणी धूत नाही, तिथे मातीची रेघ दिसते. मग सीटखालच्या रेलचे बोल्ट बघा, गंज असला तर निघा. मॅटखाली हात घालून वास घ्या.

गॅसची गाडी असेल तर बाटल्याची हायड्रो टेस्ट कधी झाली ते प्लेटवर वाचा. दर तीन वर्षांनी ती लागते. बाहेरून किट बसवलं असेल तर आरसी बुकात सीएनजी चढलंय का ते बघा. नसेल तर अपघातात विमावाला हात वर करतो.

आणि गाडी गावी भावाकडे ठेवायची असेल तर पासिंगचं आधीच ठरवा. जीजे-०५ ची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त महाराष्ट्रात राहिली की तिथला नंबर घ्यावा लागतो. इथल्या आरटीओची एनओसी आणि तिकडचा टॅक्स, दोन्ही आलं. महाराष्ट्रातला टॅक्स गुजरातपेक्षा जास्त आहे, हे भावाला आत्ताच सांगून ठेवा.