सडपातळ देह म्हणजे निरोगी देह नव्हे

रविवारच्या पवित्र मिस्सानंतर चर्चच्या सभागृहात रक्तदाब व साखर तपासणीचे शिबिर असले की काही भाविक हमखास बाजूने निघून जातात. आम्ही राबणारी, अंगाने बारीक माणसे. आम्हांला मधुमेह कुठला, असे त्यांचे म्हणणे असते. रत्नागिरीकडील या समजुतीविषयीच आज लिहावयाचे आहे.

2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, निर्देशांक 22.3. मात्र शरीरातील चरबी मोजली तेव्हा डॉ. युडकिन यांची 9.1 टक्के, तर डॉ. याज्ञिक यांची 21.2 टक्के भरली! आपल्या लोकांत स्नायू कमी असतात आणि चरबी पोटाभोवती साठते. ही चरबी इन्शुलिनच्या कार्यात अडथळा आणते. त्यामुळे वजनकाट्यावर निर्दोष ठरलेल्या माणसाचीही साखर वाढू शकते. याचे एक मूळ मातेच्या उदरातील कुपोषणात आहे, असे डॉ. याज्ञिक यांचे संशोधन सांगते. चिपळूण तालुक्यातील डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने 16 ते 18 वर्षांच्या मुलींचा अभ्यास हाती घेतला, तो याच विचाराने. उद्याच्या माता त्याच आहेत.

तेव्हा वजनकाट्यापेक्षा मोजपट्टी अधिक बोलकी. पुरुषांची कंबर 90 सेंटीमीटर व स्त्रियांची 80 सेंटीमीटरपेक्षा अधिक असल्यास सावध व्हावे. कमी असली तरी तपासणी टाळू नये. उपाशीपोटीची साखर 100 ते 125 म्हणजे पूर्वसूचना आणि 126 वा त्याहून अधिक म्हणजे मधुमेहाची शंका. रक्तदाब 140/90 च्या पुढे नसावा. एकाच मोजणीवरून निदान होत नाही, म्हणून घाबरून जाऊ नये. डॉक्टर पुन्हा तपासतात. रक्तदाब वाढला तरी बहुधा काहीच दुखत नाही, आणि नेमकी हीच अडचण आहे. आपल्या जेवणातील खारवलेली मासळी, पापड व लोणचे यांतील मिठाचा हिशेबही या निमित्ताने घरोघरी व्हावा.

सकाळच्या मिस्साला येताना चहा न घेता आल्यास उपाशीपोटीची साखर तेथेच तपासता येते. आदल्या रात्रीच्या जेवणानंतर किमान 8 तास गेलेले असावेत. रक्तदाब मोजण्यापूर्वी पाच मिनिटे स्वस्थ बसावे. शिबिर चुकले, तर 30 वर्षांवरील सर्वांसाठी शासकीय आरोग्य केंद्रांत ही तपासणी विनामूल्य होते. मशेरी लावणाऱ्या भगिनींनी तेथे संकोच न करता तोंडही दाखवावे.