डहाक्याचा नाद आणि त्याचा अर्थ

यवतमाळ जिल्ह्यासह वऱ्हाडात डहाका हे विधिगायन परिचित आहे. डमरूच्या जातीच्या डाक या वाद्याच्या साथीने रात्री दैवते आळविली जातात. एखाद्याच्या अंगात येते आणि त्यास व्याधीचे कारण व उतारा विचारण्यात येतो. येथे गुण येतो तो नादाने, की लोकांनी नादास दिलेल्या अर्थाने?

नादाचा देहाशी संबंध आपल्या शास्त्रकारांनी मानलेला आहे. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी असलेला शार्ङ्गदेव वैद्यकही जाणत असे. तेराव्या शतकातील ‘संगीतरत्नाकरा’च्या पहिल्या अध्यायात स्वरविचारापूर्वी त्याने गर्भाची उत्पत्ती व नाड्या वर्णिल्या आहेत.

परंतु नुसत्या नादाने अंगात येत असते, तर ते सर्वांआधी वादकाच्याच अंगात यावयास हवे. झिल्बेर रुजे याने १९८० मध्ये असाच आक्षेप मांडला. त्यापूर्वी १९५९ मध्ये एर्नेस्तो दे मार्तिनो याने दक्षिण इटलीतील सालेन्तो भागात कोळ्याच्या दंशावरील वादन-नर्तनाचा उपचार पाहिला होता. तेथील व्याधी दरवर्षी जूनअखेरच्या सणाच्या सुमारास उलटे. विष असे तिथी पाहून उलटत नाही. दे मार्तिनोने ती सांकेतिक व्याधी ठरविली, आणि तिचा उपचारही सांकेतिकच होता.

शब्दाप्रमाणे ठेकाही संकेतानेच अर्थ वाहतो. ज्या दुःखास असा संकेत रूप देतो, त्यास तो उतारही देऊ शकेल. कापसाच्या शेतात खरोखर साप चावला असता मात्र रुग्णास प्रतिविषाची लस तत्काळ मिळावयास हवी. डाकेपाशी काढलेली रात्र तेथे प्राणघातक ठरू शकते.