हाताखालचा माणूस का शिकत नाही?

नवे यंत्र किंवा नवी संगणक प्रणाली आली की तिच्या मागोमाग प्रशिक्षणाचे वेळापत्रकही येते. दोन दिवसांचा वर्ग भरतो, पडद्यावरून शंभर-सव्वाशे स्लाइड्स सरकतात, शेवटी अभिप्रायाचा कागद भरून घेतला जातो आणि प्रमाणपत्रे वाटली जातात. पंधरा दिवसांनी मात्र पुन्हा त्याच चुका होऊ लागतात. मग 'या लोकांना शिकायचेच नसते' किंवा 'पंचेचाळिशीनंतर डोक्यात काही शिरत नाही' असा निष्कर्ष काढून सारे मोकळे होतात. हा निष्कर्ष सोयीचा असला तरी बरोबर नाही. शिवाय त्याची किंमत शिकवणाऱ्याला नव्हे, शिकणाऱ्याला मोजावी लागते. कोणाची बढती अडते, कोणावर 'निकामी' असा शिक्का बसतो, तर कोणाचे बोट यंत्रात जाते.

प्रौढांचे शिक्षण हा स्वतंत्र विचाराचा विषय आहे, हे युरोपात बरेच आधी ओळखले गेले होते. अलेक्झांडर काप या जर्मन शिक्षकाने १८३३ मध्ये त्यासाठी 'अँड्रॅगॉजी' हा शब्द योजला. अमेरिकेचे माल्कम नोल्स यांनी १९७० च्या सुमारास तो लोकप्रिय केला. नोल्स यांच्या मांडणीचा गाभा असा : प्रौढाला एखादी गोष्ट का शिकायची हे आधी कळावे लागते. तो स्वतःचे निर्णय स्वतः घेणारा माणूस असतो, त्यामुळे पोरासोरासारखी वागणूक त्याला खपत नाही. त्याच्या गाठीला अनुभव असतो आणि समोर उभी असलेली अडचण सोडवण्यासाठी तो शिकतो, विषय पुरा करण्यासाठी नव्हे. मूल आणि प्रौढ यांच्यात आपण सुरुवातीला दाखवला तेवढा काटेकोर भेद नाही, हे नोल्स यांनीच पुढे १९८० च्या आवृत्तीत मान्य केले. तरीही ही सूत्रे कामाच्या ठिकाणी आजही उपयोगी पडतात. सरकारी बँकांमध्ये कोअर बँकिंग आले, तेव्हा पंचवीस वर्षे खातेवह्या सांभाळलेल्या कर्मचाऱ्याला केवळ कळा दाबण्याचा क्रम सांगणे पुरेसे नव्हते. त्याच्या ओळखीची नोंद नव्या पडद्यावर कोठे आणि कशी दिसते, हे दाखवले की त्याचा जुना अनुभव अडसर न राहता आधार होतो.

सूत्रे प्रत्यक्षात कशी आणायची, याचे उत्तम उदाहरण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सापडते. युद्धसामग्रीची मागणी अफाट वाढली, अनुभवी कारागीर सैन्यात गेले आणि कारखान्यांच्या दारात नवखी माणसे उभी राहिली. त्यांत पूर्वी कारखाना न पाहिलेल्या स्त्रियाही मोठ्या संख्येने होत्या. अमेरिकी सरकारने १९४० मध्ये 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' म्हणजे 'टीडब्ल्यूआय' ही योजना सुरू केली. कामगारांना थेट शिकवण्याऐवजी त्यांच्या पर्यवेक्षकांना 'शिकवायचे कसे' हे शिकवायचे, ही तिची मुख्य कल्पना होती. दोन-दोन तासांची पाच सत्रे, एवढाच अभ्यासक्रम. १९४५ पर्यंत १६ हजारांहून अधिक कारखान्यांतील सुमारे साडेसतरा लाख पर्यवेक्षकांना तिची प्रमाणपत्रे मिळाली. युद्धानंतर ही पद्धत जपानमध्ये गेली आणि टोयोटासारख्या कंपनीने ती आपल्या कार्यपद्धतीत मुरवून घेतली.

या अभ्यासक्रमातले एक प्रात्यक्षिक मार्मिक होते. विजेच्या दिव्याची तार खेचली जाऊ नये म्हणून होल्डरमध्ये तिला एक विशिष्ट गाठ मारतात. प्रशिक्षक एकाला पुढे बोलावून ती गाठ कशी मारायची हे फक्त तोंडाने सांगे. त्याला ती जमत नसे. मग दुसऱ्याला बोलावून, काही न बोलता, समोर उभे राहून ती मारून दाखवी. त्यालाही बहुधा जमत नसे, कारण समोरून पाहताना डावे-उजवे उलटे दिसते आणि नेमके काय पाहायचे हेही कळत नाही. सांगितले म्हणजे शिकवले असे होत नाही आणि दाखवले म्हणजेही शिकवले असे होत नाही, हे पर्यवेक्षकांना व्याख्यानाविनाच पटे. त्यानंतर तीच गाठ चार पायऱ्यांनी शिकवली जाई. शिकणाऱ्याची तयारी, कामाची मांडणी, त्याच्याकडून करून घेणे आणि नंतरची देखरेख, अशा त्या पायऱ्या. त्यांचे मूळ चार्ल्स अ‍ॅलन यांनी पहिल्या महायुद्धात जहाजबांधणीच्या कामगारांसाठी विकसित केलेल्या आणि १९१९ मध्ये ग्रंथरूपाने मांडलेल्या पद्धतीत होते.

ही पद्धत आपल्याकडच्या एखाद्या पॉवर प्रेसला लावून पाहू. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत कंत्राटावर आलेला मुलगा पहिल्याच दिवशी प्रेसवर उभा केला जातो आणि 'बाजूच्याचे बघून कर' एवढ्यावर त्याचे शिक्षण संपते. टीडब्ल्यूआयच्या रीतीने पर्यवेक्षक आधी कामाची फोड कागदावर मांडील : पत्रा डायवर ठेवणे, तो आतल्या टेकूला भिडवणे, दोन्ही हात बाहेर घेणे, दोन्ही बटणे एकदम दाबणे. प्रत्येक टप्प्यासमोर त्यातली कळीची बाब आणि तिचे कारण असेल. बटणे दोन का, तर दोन्ही हात डायच्या बाहेर असल्याशिवाय प्रेस खाली येऊ नये म्हणून. हे कारण ज्याला कळलेले नाही, तो उत्पादनाच्या घाईत एक बटण दाबून बांधून ठेवतो आणि मग बोटे गमावतो. अर्थात प्रशिक्षण म्हणजे सुरक्षेच्या साधनांना पर्याय नव्हे. यंत्राचा सेन्सर बंद ठेवून कामगाराला 'नीट शिकला नाहीस' असे बजावणे, हा प्रशिक्षणाच्या नावाखाली जबाबदारी झटकण्याचा प्रकार होय.

मांडणी झाल्यावर शिकणाऱ्याने काम स्वतः करावे. दुसऱ्या खेपेस ते करताना टप्पे, कळीच्या बाबी आणि कारणे तोंडाने सांगावीत. चूक तिथल्या तिथे दुरुस्त व्हावी, म्हणजे ती हातात बसत नाही. पुढे तो एकटा काम करू लागला, तरी अडल्यास कोणाला विचारायचे हे ठरलेले असावे आणि पर्यवेक्षकाच्या फेऱ्या हळूहळू कमी व्हाव्यात. आपल्याकडच्या उमेदवारीत चांगला उस्ताद हे सारे नकळत करीत असे. मात्र ज्याला वाईट उस्ताद लाभे, त्याची वर्षे चहा आणण्यात आणि हत्यारे पुसण्यात जात. शिकवण्याची रीत लिहून काढली की शिकणाऱ्याचे नशीब उस्तादाच्या मर्जीवर तेवढे अवलंबून राहत नाही.

शिकलेले टिकते कसे, हा पुढचा प्रश्न. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवले, की पाठ केलेले पहिल्या काही तासांतच झपाट्याने विसरते आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. रोडिगर व कार्पिके या संशोधकांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांच्या दोन गटांची तुलना केली. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे सरस ठरले, पण आठवड्याने आठवून लिहिणाऱ्यांच्याच अधिक लक्षात राहिले. सलग दोन दिवसांच्या वर्गाचे अपयश येथे उमगते. वर्गाच्या शेवटी सर्वांना सारे समजलेले असते, कारण ते पाचव्या मिनिटाचे यश असते. तोच वेळ आठवड्याला तासभर असा विभागला आणि प्रत्येक तासाची सुरुवात 'मागच्या वेळचे आठवून सांगा' अशी केली, तर जादा खर्चाविना बराच फरक पडू शकतो.

या क्षेत्रात काही समजुतीही रूढ आहेत. कोणी डोळ्यांनी शिकतो, कोणी कानांनी, तर कोणी हातांनी, म्हणून ज्याला त्याला त्याच्या पद्धतीने शिकवावे, असे अनेक प्रशिक्षक सांगतात. पाश्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधन तपासले, तेव्हा या दाव्याला पुरेसा आधार आढळला नाही. पद्धत ठरते ती मुख्यतः कामावरून. लेथ ऐकून शिकता येत नाही आणि ग्राहकाशी बोलणे चित्र पाहून येत नाही.

प्रशिक्षण यशस्वी झाले हे ओळखायचे कसे? डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये चार पातळ्या सांगितल्या : शिकणाऱ्यांना ते आवडले का, ते शिकले का, कामावर त्यांचे वागणे बदलले का, आणि संस्थेला त्याचे फळ मिळाले का. अभिप्रायाचा कागद पहिल्या पातळीपाशीच थांबतो. जेवण उत्तम आणि वक्ता विनोदी असेल, तर ती पातळी सहज गाठता येते. खरी परीक्षा तिसऱ्या पातळीवर होते आणि तेथे केवळ शिकणारा उत्तीर्ण होऊन भागत नाही. नवी पद्धत शिकून आलेल्याला साहेबच 'जुन्या पद्धतीने कर, लवकर होते' असे सांगत असेल, तर प्रशिक्षणाची खरी गरज साहेबाला असते.

मुंबईला याबाबत स्वतःचा वारसा आहे. मार्च १९६७ मध्ये वरळीत देशातले पहिले श्रमिक विद्यापीठ सुरू झाले. गिरण्यांच्या त्या परिसरात कामगाराचे हातातले काम, त्याची गरज आणि त्याच्या सवडीची वेळ पाहून अभ्यासक्रम आखावेत, ही त्यामागची दृष्टी होती. पुढे देशभर पसरलेल्या या संस्था २००० पासून जनशिक्षण संस्थान या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. गिरण्या गेल्या, पण 'आधी शिकणाऱ्याची विचारपूस, मग अभ्यासक्रम' हा क्रम मात्र जुना झालेला नाही. पुढच्या प्रशिक्षणाची तारीख ठरवण्यापूर्वी व्यवस्थापकाने यंत्रापाशी किंवा टेबलापाशी अर्धा तास उभे राहून 'तुमचे नेमके कोठे अडते?' एवढे विचारले, तरी शंभरातल्या निम्म्या स्लाइड्स गाळता येतील.